सरळ ठोकलेले आकडे

“हा नंबर तुम्हीच ठोकलाय का?”

गाडी विकणाऱ्या माणसाला हे तोंडावर विचारून दाखवायचं, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. “तुझी हिंमतच होणार नाही, डार्बी,” मॅकेना म्हणाली होती. शाळेच्या मोटार वर्कशॉपमध्ये सोळा मुलगे आणि ह्या तिघीच मुली. तिथं माघार घेतली तर वर्षभर ऐकावं लागतं. म्हणून डार्बीने विचारलंसुद्धा! कोठारात पाऊल टाकल्या टाकल्या, ‘हॅलो’च्याही आधी.

म्हातारा वेंडल कूगल हसला नाही. चिडलाही नाही. तिच्या डोक्यावरून लांब फाटकाशी उभ्या असलेल्या ट्रककडे बघत राहिला.

“वडील आत नाही आले?”

“गुडघा दुखतोय त्याचा. मॉम त्याच्याजवळ बसलीय. मीच तपासणार आहे.”

हे सांगताना तिची मान आपोआप ताठ झाली. १९७०ची शेव्हेल, सगळ्यात मोठ्या इंजिनाची, आणि डॅडने तिला एकटीला पाठवलं होतं! “काचेखालची नंबराची पट्टी बघ, इंजिनावरचा नंबर बघ. दोन्ही जुळले की बाहेर ये. उगाच उकरत बसू नकोस,” एवढंच तो म्हणाला होता. जाहिरात पाहिल्यापासून आठवडाभर त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. ही गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती लागता कामा नये, हेच एक पालुपद.

“तपास,” वेंडल म्हणाला आणि त्याने कोठाराचं सरकतं दार ओढून घेतलं. “वारा आहे.”

वारा नव्हता. बाहेर मक्याचं पानही हलत नव्हतं.

दारापाशी त्याचा काळा कुत्रा आडवा पसरला. डार्बीने फोन पाहिला. सिग्नलची एकही काडी नाही.

पट्टी ठीक होती. मग तिने बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या कडेवर टॉर्च मारला. आकडे तेच. डॅडने सांगितलेलं काम संपलं.

पण आकडे जरा जास्तच छान होते. कारखान्यातला माणूस घाईत असायचा, असं वर्कशॉपचे सर सांगायचे. त्याचा एक आकडा खोल जायचा, दुसरा पुसट, सगळी रांग तिरकी. इथे मात्र फूटपट्टी धरून ठोकल्यासारखे सरळ. आणि खालचं लोखंड घासून गुळगुळीत केलेलं.

आता मॅकेना समोर असती तर डार्बीने तिला मिठीच मारली असती. पण समोर वेंडल होता, हाताची घडी घालून.

चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, वरच्या अंगाला नंबराचे शेवटचे आकडे पुन्हा एकदा ठोकलेले असतात. गाडी सगळी उचकटल्याशिवाय तिथे हात पोचत नाही, म्हणून बनवेगिरी करणारे ते तसेच सोडतात. डार्बी पाठीवर झोपून गाडीखाली सरकली. तारेच्या ब्रशने गंज घासला. फोन फटीत घालून फोटो काढला.

दोन बूट तिच्या पायांशी येऊन थांबले.

“खाली काय शोधतेस, पोरी?”

“तेल... तेल गळतंय का बघतेय.”

“गळत नाही.”

तिने फोटो मोठा केला. सहा आकडे. एकही जुळत नव्हता. म्हणजे पट्टी दुसऱ्याच कुठल्या गाडीची, आणि ही गाडी चोरीची. आणि चोर दोन हातांवर उभा!

ती सरकत बाहेर आली. “मस्त गाडी आहे, सर. डॅडला सांगून येते हं.”

वेंडल दाराच्या मधोमध उभा राहिला. “जुळले का?”

“ज... जुळले.”

“खोटं बोलायला शिकायचंय तुला अजून.” त्याने कोटाच्या आत हात घातला.

डार्बीने डोळे गच्च मिटून घेतले. काहीच झालं नाही. उघडले तेव्हा तिच्या नाकासमोर एक जुना फोटो होता.

“मीसुद्धा तिथेच झोपून पाहिलंय, गेल्या महिन्यात,” तो म्हणाला. त्याचा आवाज थरथरत होता. म्हणजे तोही घाबरला होता! “बावीस वर्षं माझ्याकडे आहे ही. गाडी विकली की विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने बॉनेटसमोर हात मिळवून फोटो काढायचा, ही इकडची रीत. ज्याने मला ही विकली त्या माणसाने नाव खोटं दिलं, पण चेहरा कुठून खोटा आणणार? तो सापडला नाही तर या वयात चोर म्हणून मीच तुरुंगात जायचा. म्हणून जाहिरात टाकली. दुसऱ्या कुणी तपासली तर त्याची चोरी उघडी पडेल, म्हणून त्याआधी तो धावत येईल असं वाटलं.”

डार्बीने फोटो टॉर्चच्या उजेडात धरला.

“आलं कुणी?” तिने कसंबसं विचारलं.

“तुम्हीच पहिले. पण तपासायला स्वतःच्या पोरीला पाठवलंय म्हटल्यावर कळलं, तो चोर म्हणजे तुझे वडील नव्हेत.” त्याने दार सरकवलं. “जा. दुसरी गाडी बघा म्हणावं घरच्यांना.”

फाटकापर्यंत शंभरेक पावलं असतील. कोठारात वाटली नव्हती एवढी भीती तिला आता वाटत होती.

मॉमने काच खाली केली. “काय गं, पांढरीफटक का पडलीस? काही बोलला का तो?”

डॅडने टोपी आणखी खाली ओढली. “जुळले ना? चला, मॉम पैसे देऊन येईल.”

“मॉम, डॅड, मी ठरवलंय,” डार्बी म्हणाली. “मी घरी येत नाहीये. शेरीफचे पोलीस येईपर्यंत मी त्या आजोबांपाशीच थांबणार. आणि फोटोतला माणूस कोण म्हणून त्यांनी विचारलं की, डॅड, मी तुझं नाव सांगणार आहे.”