फळी कुणी धरायची

ब्राऊन बेल्टच्या परीक्षेत फोडायची फळी घरच्याच माणसाने धरायची, असा या कराटे क्लासचा नियम होता. मुलीने अर्थातच बाबांना उभं केलं. आईचा कराटेला पहिल्या दिवसापासून विरोध. ती लेकीला घरी न्यायला म्हणून दाराशी थांबली होती.

पहिला ठोसा बसला, फळी शाबूत. दुसऱ्यालाही तेच, आणि मुलीची बोटं टम्म सुजली. आता एकच संधी उरली होती.

सरांनी बाबांचे कोपर चाचपले. "ठोसा येताना तुमचे हात मागे जाताहेत."

"तिला लागू नये म्हणून हो."

"म्हणूनच तिला लागतंय. फळी मोडली तर सगळा जोर फळीत जातो. नाही मोडली, तर तोच हातात परत येतो. आणि धरणाऱ्याने विरोधच केला नाही, मागे सरला, तर मोडणार कशी?"

"आता नाही सरणार," बाबा म्हणाले. पण मुलीने मूठ उगारताच त्यांचे कोपर पुन्हा वाकले.

आईने पर्स खुर्चीवर ठेवली, चपला काढल्या आणि बाबांच्या हातातून फळी घेतली. पाय रोवले, कोपर ताठ केले आणि लेकीच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"मार."

काडकन दोन तुकडे झाले.

बाबांनी टाळ्या वाजवल्या. "चला, म्हणजे तुझा विरोध संपला एकदाचा!"

"संपला असं कोण म्हणालं?" चपला घालत आई म्हणाली. "पुढच्या परीक्षेलाही फळी मीच धरणार."