लाल ठिपका

लाल नेलपॉलिशची बाटली. तळाशी घट्ट झालेलं थोडंसं उरलेलं.

घाटातलं एक वळण. वळणाच्या आधी टायर घासल्याची एकही खूण नाही.

"सकाळी काय बोललीस तू त्याला?"

"येताना दूध आण म्हणाले, आई."

"एवढंच?"

पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली जुनी जीप. टप दबलेला, काच नाही, उजवा आरसा नाही. घरात तिला सगळे म्हातारी म्हणायचे.

शेजारी कुंपणावरून विचारायचा, "काका, झाली का उभी?" बाबा म्हणायचे, "होतेय." गाडी दुरुस्त करतोय, असंच त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. पत्रे ठोकून सरळ केले, गंज खरवडला, रंगाचा डबाही आणून ठेवला. पण खरं तर ते दोष शोधत होते.

पोलीस म्हणाले होते, तुमच्या मुलाने ब्रेक दाबलाच नाही. किंवा दाबला आणि लागला नाही. गाडी दरीत उलटी पडली होती, ब्रेकचं तेल सांडून गेलं होतं. त्यावरून काही ठरेना. त्यांनी फाइल मिटली. घरात मात्र ते मिटेना. दाबलाच नाही, म्हणजे मुलगा आपल्या मनाने गेला. आणि मनाने गेला, तर का गेला, हे आई रोज सुनेला विचारायची.

म्हातारीला बापलेकांनी मिळूनच उभं केलं होतं. पत्राकाम मुलाचं, ब्रेक बाबांचे. बाबांची एक पद्धत होती. नट पक्का आवळला की त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. ठिपका आहे म्हणजे काम झालं, परत बघायला नको. बाटली सुनेची. मुलगा हसायचा, "बाबा, पुरे झाला म्हातारीचा नट्टापट्टा."

आता बाबा एकेक भाग सोडवून बघत होते. स्टिअरिंग ठीक. ब्रेकचं मुख्य सिलिंडर ठीक. भाग ठीक निघाला की त्यांचा चेहरा उतरायचा. सून शेजारी बसून पाने द्यायची. हल्ली तर न मागता नेमका पाना हातात ठेवायची.

"या गाडीत एक रबरी पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात," ते म्हणाले. "पुढचे दोन बघितले. धडधाकट आहेत. राहिला मागचा."

"आणि तोही ठीक निघाला तर?"

बाबांनी फडक्याला हात पुसले. "ब्रेक मी बसवलेत. माझी चूक निघाली तर चालेल मला."

"असं कसं चालेल, बाबा?"

"चालेल गं. ब्रेक गेले असतील, तर तो घरी यायला निघाला होता."

तिने हातातला पाना पुसायला घेतला.

"मागचा रविवारी बघू," ते म्हणाले. "आज हात चालत नाही माझा."

शनिवारी सकाळी बाबा रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले. परत आले तर सून घरात नव्हती. बऱ्याच वेळाने ती भंगारवाल्याकडून उजवा आरसा घेऊन आली. "बाबा, म्हातारीला डोळा आणला."

दुपारी ते झोपून उठले, तोवर तिने शेडही झाडून काढली होती. तिच्या नखांत काळं भरलं होतं.

"नवरा गेला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि बाईसाहेब गाडी-गाडी खेळतायत."

रविवारी बाबा पाठीवर सरकत गाडीखाली गेले. बाकीच्या नटांनी हातोडी मागितली होती; हा नट मात्र पाना लावताच फिरला. पाइप सुटून हातात आला. रबर वाळून तडकलेलं, मधोमध लांब चीर. करंगळीचं नख आत जाईल एवढी.

"बाबा? काय झालं?"

"बॅटरी धर. इकडे."

नटावर ठिपका नव्हता. लाल रंगाचा मागमूसही नव्हता.

"हा बदललाच नाही मी," गाडीखालून आवाज आला. "पुढचे दोन बदलले, आणि तेवढ्यात कोणी आलं असेल. चहाला हाक मारली असेल कोणीतरी. हा जुनाच राहिला. आणि पोरगं यावर घाट उतरलं."

"बाबा, बाहेर या आधी."

ते बाहेर आले. डोळे वाहत होते, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा श्वास पोटापर्यंत गेला.

स्वयंपाकघरात त्यांनी पाइप टेबलावर ठेवला. "त्याने ब्रेक दाबला होता. लागला नाही. माझ्या हातून राहिलं."

आईने चिरीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग ती सुनेकडे वळली.

"जेवलीस का गं तू?"

मुलगा गेल्यापासून हे तिने विचारलं नव्हतं.

"तुम्ही बसा, आई. मी वाढते."

"नको. तू बस."

तिने दोन ताटं घेतली. नवऱ्याचं घेतलं नाही. त्या दिवशी ती त्यांच्याशी बोलली नाही, आणि नंतरही नाही.

बाबांनी मागे नवा पाइप बसवला. सून सीटवर बसली, ते खाली गेले.

"दाब."

"दाबलाय."

"धर तसाच. हां. सोड."

पेडल दगडासारखं कडक झालं. बाबांनी नट आवळून त्यावर ठिपका लावला. बाटली संपली. म्हातारी उभी राहिली, आरशासकट, नव्या रंगासकट. किल्ली मात्र बाबांनी कधी हातात घेतली नाही.

त्या शनिवारी, आरशाबरोबर असाच एक जुना फुटका पाइपही हवा असं सुनेने म्हटल्यावर, भंगारवाला हसला होता. "ताई, उलटा सौदा करताय," तो म्हणाला, आणि त्याच्या बदल्यात तिने दिलेला धडधाकट पाइप, नटावर लाल ठिपका असलेला, त्याने विकायच्या मालात टांगून ठेवला.