फलकाकडे पाठ

पंचाने पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं आणि सगळं मैदान उभं राहिलं.

एक-एक. शेवटची दोन मिनिटं. हा गोल झाला की शाळा राज्यात पहिली. शाळेच्या करंडकांच्या कपाटात आजवर खडूचे खोकेच नांदत आले होते. मोठ्या बाई सकाळी ते स्वतः रिकामं करून, पुसून आल्या होत्या.

पेनल्टी भिंगरीच मारणार, हे कुणी विचारायचीही गरज नव्हती. वर्षभरात तिने एकही चुकवली नव्हती. फुटबॉल शिकवणाऱ्या बाईंनीच तिला सवय लावली होती: चेंडूचं हवा भरायचं भोक आपल्याकडे करायचं, त्यावरून अंगठा फिरवायचा, मगच मागे यायचं. भोक सापडेपर्यंत भिंगरी पंचालाही ताटकळत ठेवायची. मैत्रिणी म्हणायच्या, "झाली का गं पूजा?"

आज तिने चेंडू नुसता ठेवला. टेबलावर बशी ठेवावी तसा.

बाई बाकावरून उठून रेषेपाशी आल्या. वीस मिनिटांपूर्वी उंच चेंडूसाठी उडी मारताना भिंगरीचं डोकं समोरच्या पोरीच्या डोक्यावर आपटलं होतं. बाई धावत गेल्या, तिच्यासमोर गुडघे टेकून बसल्या.

"स्कोअर काय?"

"एक-एक."

"समोर कोण?"

तिने शाळेचं नाव सांगितलं.

"कितवं मिनिट?"

"अडुसष्ट."

बाईंना तेव्हा कौतुकच वाटलं होतं. एवढं आपटूनही पोरीचं लक्ष घड्याळावर.

आता किती वेळ उरला ते पाहायला बाई मागे वळल्या. मागे फलक होता, भला मोठा. त्यावर स्कोअर होता. समोरच्या शाळेचं नाव होतं. मिनिटं होती. आणि मघाशी त्या ह्याच फलकाकडे पाठ करून बसल्या होत्या.

"बदली करायचीय," बाई रेषेवरच्या पंचाला म्हणाल्या. "भिंगरीला बाहेर घ्या."

मोठ्या बाईंनी त्यांचा दंडच धरला. "आत्ता? अहो, एक लाथ तर मारायचीय. मारू दे, मग न्या कुठे न्यायचं ते."

"आणि गोल झाला की दहा जणी तिच्या अंगावर उड्या मारतील. डोक्याला आणखी एक दणका नकोय मला."

"तिला काही झालेलं नाही. तुम्हीच म्हणालात ना मघाशी?"

"म्हणाले होते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी हात सोडवून घेतला.

भिंगरी बाहेर आली तेव्हा प्रेक्षकांतून शिट्ट्या सुरू झाल्या. तिचे बाबा कठड्यावर चढून ओरडत होते, "स्वतःच्या पोरीला काढलं असतंत का असं?"

बदली पोरीने शिट्टी होताच घाईने धाव घेतली. तिने चेंडू खांबावर मारला. तो परत आला तो थेट समोरच्यांच्या पायात, आणि आपल्या सगळ्या पोरी पुढे गेलेल्या. पलीकडचा गोल इतक्या सहज झाला की ओरडायलाही कुणाला सुचलं नाही.

शेवटची शिट्टी झाली. मोठ्या बाई पर्स उचलून निघून गेल्या. पोरी गवतावर बसून रडत होत्या. बाईंकडे कुणी बघेना. डॉक्टर बॅग घेऊन मैदान ओलांडत येत होते. त्यांच्याआधी भिंगरीचे बाबा पोचले, लाल चेहऱ्याने, भांडायच्या तयारीत.

भिंगरी मात्र भांडली नव्हती. एरवी सरावातही बाहेर काढलं तर बाटली फेकायची, दोन दिवस बाईंशी अबोला धरायची. आत्ता ती बाकावर शांत बसून बुटांच्या नाड्या आवळत होती. गाठ पक्की झाल्यावर तिने वर पाहिलं.

"बाई, आज मला पहिल्यापासून खेळवणार ना?"