सोडलेली ओळ

दाट धुक्यात संशोधक मृदुला बटाट्याच्या शेतात शिरली. गावभर पिकं जाळणारा करपा रोग पसरला होता. विषारी फवाऱ्याऐवजी तिने इथे नॅनोकणांचं औषध मारलं होतं, एक ओळ मुद्दाम सोडून. ती ओळ जळली आणि बाकीच्या तगल्या, तरच औषध खरं ठरणार होतं.

ती ओळीमागून ओळ बघत गेली. सगळं शेत हिरवंगार होतं. सोडलेली ओळसुद्धा! म्हणजे करपा इथे आलाच नव्हता, औषधाने काहीच केलं नाही?

“त्या ओळीला मीच फवारलं, मॅडम,” शेतमालकीण शेवंताबाई म्हणाल्या. “तुमचंच उरलेलं औषध. पानांवर डाग पडायला लागले होते. पंगतीत बसवून एकटीला उपाशी कसं ठेवायचं?”

मृदुलाने त्या ओळीतल्या एका रोपाचं खालचं पान उलटलं. डाग जागच्या जागी सुकले होते.

औषध लागू पडलं होतं. आणि ते पटवून द्यायला तिच्याकडे एकही मेलेलं रोप नव्हतं.