कंबरेपर्यंतचं चित्र

खाडीचं पाणी चहासारखं गढूळ होतं, पण किनाऱ्यावरच्या पडद्यावर तळातला शंखन् शंख दिसत होता. पाणबुड्या इलियासच्या हातमोज्यावर तिळाहून बारीक हजारो स्पंदकं होती. माणसाला ऐकू न येणारा आवाज ती पाण्यात सोडत आणि परतलेल्या प्रतिध्वनींतून चित्र जुळवत.

इलियासनं उलटलेल्या लाँचच्या खिडकीतून हात आत घातला. पडद्यावर दोन पाय उमटले. डाव्या पायाची करंगळी वाकडी होती.

"आमचेच ते," आत अडकलेल्याची बायको कुंदा म्हणाली.

पण कंबरेच्या वर काहीच नव्हतं. सुरीनं कापावं तसं शरीर तिथं संपलं होतं. कुंदाच्या सासूनं पदरात तोंड लपवलं. बंदर अधिकाऱ्यानं क्रेनवाल्याला खूण केली. "वर घ्या. निदान देह तरी हाती लागेल."

साखळ्या ताणल्या.

"थांबवा!" पडद्यासमोर बसलेली तंत्रज्ञ वृंदा ओरडली. "हा आवाज पाण्यातून हवेत शिरत नाही. चित्र तुटलंय तिथून वर हवा आहे. त्यांचं डोकं हवेत आहे! लाँच हलली तर ती हवा निघून जाईल."

"पण पाय कुठं हलतायत?" अधिकारी म्हणाला.

कुंदानं वृंदाचा माइक ओढून घेतला. "इलियासभाऊ, त्यांच्या तळपायाला गुदगुल्या करा. त्यांना अजिबात सोसत नाहीत."

पडदाभर तळपाय पसरला. काहीच झालं नाही. इलियासनं पुन्हा बोट फिरवलं.

वाकडी करंगळी आत वळली आणि पाठोपाठ सगळं चित्रच हेलपाटलं.

"आई, वर बघा," कुंदा सासूला गदागदा हलवत म्हणाली. "लाथ मारली त्यांनी!"