साधं की स्वच्छ

कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन पर्याय आले होते, ‘साधी स्थापना’ आणि ‘स्वच्छ स्थापना’. जावईबापूंना दोन्हींमधलं काही कळत नव्हतं.

कळत नाही असं म्हणायची मात्र सोय नव्हती. सहा वर्षांपूर्वी लग्न जमवणाऱ्या मावशींनी ‘मुलगा कॉम्प्युटर कंपनीत आहे’ एवढंच सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. कंपनी कॉम्प्युटरचीच होती. जावईबापू तिथे खुर्च्यांची खरेदी बघत. पण सासरी कुणी खोलात शिरलं नाही, यांनीही कुणाला शिरू दिलं नाही, आणि बघता बघता ते घरातले कॉम्प्युटरतज्ज्ञ होऊन बसले. कुणाचं काही बिघडलं की ते कपाळाला आठ्या घालून ‘बंद करून परत चालू करा’ म्हणत. दहातल्या सात वेळा ते चालायचं. उरलेल्या तीन वेळा त्यांना नेमका ऑफिसचा फोन यायचा.

आजचं काम तेवढ्यावर भागणारं नव्हतं. सासूबाईंच्या शिवणखोलीतला कॉम्प्युटर जुना झाला होता आणि त्याच्यावर नवी सिस्टिम टाकायची होती. त्यात त्यांच्या चारशे गिऱ्हाइकांची मापं होती. कुणाचा एक खांदा उतरता, कुणाची बाही दोन बोटं लांब, कुणाला मोठा गळा अजिबात चालत नाही. बावीस वर्षांचा धंदा त्या एका फाइलीत होता. वह्या त्यांनी केव्हाच रद्दीत घातल्या होत्या.

खुर्ची करकरली. सकाळपासून जावईबापू जरा हलले की ती करकरायची आणि डावीकडे कलायची. बैठकीखालचा डावा बोल्ट सैल आहे हे त्यांना बसल्याबरोबरच कळलं होतं. पण तज्ज्ञ माणसानं खुर्चीखाली डोकं घालणं काही बरं दिसत नाही, म्हणून ते गप्प होते.

“आई, साधं करू की स्वच्छ?” त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

सासूबाई एका कोटाला अस्तर लावत होत्या. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि उरलेला तुकडा खाली न टाकता डबीत ठेवला. “तुम्हाला योग्य वाटेल ते करा.”

जावईबापूंनी खोलीभर नजर फिरवली. फरशीवर एक चिंधी नव्हती. कात्र्यासुद्धा लहान-मोठ्या अशा ओळीनं टांगलेल्या. अशा घरात ‘साधं’ करून जायचं? त्यांनी ठसक्यात ‘स्वच्छ’ दाबलं. कॉम्प्युटरनं ‘नक्की ना?’ असं विचारलं. तज्ज्ञाला असले प्रश्न विचारतात का? त्यांनी ‘हो’ दाबलं.

दीड तासात कॉम्प्युटर नवाकोरा झाला. सासूबाईंनी चष्मा लावून कौतुकानं पाहिलं. “छान दिसतंय हो. आता मापं उघडा बघू. या कोटवाल्या बाईंची बाही बघायचीय.”

जावईबापूंनी इथे शोधलं, तिथे शोधलं. शेवटी कचरापेटीतही शोधलं. तीसुद्धा स्वच्छ होती. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की ‘स्वच्छ’ म्हणजे जुनं सगळं पुसून टाकणं.

“बंद करून परत चालू करू या,” ते सवयीनं म्हणाले. केलं. पण चारशे गिऱ्हाइकं काही परत आली नाहीत.

ऑफिसचा फोन यायची हीच वेळ होती. त्यांचा हात खिशाकडे गेलाही. पण सासूबाई गळ्यात मोजपट्टी टाकून शांतपणे वाट बघत उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून जावईबापूंना स्वतःची लाज वाटली. आज त्यांच्यानं पळवेना.

“आई, मापं गेली,” ते म्हणाले. “सगळी. मीच घालवली. मला यातलं काही येत नाही. कधीच येत नव्हतं. कंपनीत मी...”

सासूबाईंनी फळीवरचा बटणांचा डबा काढला, आत बोटं घालून चाचपलं, आणि बटणांच्या ढिगातून एक पेन ड्राइव्ह काढून त्यांच्या हातावर ठेवला. “हा लावा.”

त्यांनी लावला. आत एकाखाली एक फोल्डर होते. पहिल्याचं नाव होतं, ‘जावई येण्यापूर्वी १’. त्याच्यावर सहा वर्षांपूर्वीची तारीख होती, जावईबापू या कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावायला आले त्या दिवसाची. मग दोन, तीन, चार. शेवटचा, ‘जावई येण्यापूर्वी १४’, आज सकाळचा होता. त्यात चारशेच्या चारशे गिऱ्हाइकं सुखरूप बसली होती, बाह्यांसकट.

जावईबापू कानापर्यंत लाल झाले. मग त्यांना हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना, आणि त्यांच्याबरोबर खुर्चीही करकरत राहिली.

“आई, तुम्ही कधी बोललाच नाहीत!”

“तुम्ही एवढ्या हौसेनं यायचात,” सासूबाई म्हणाल्या. “आता उठा, आणि ही खुर्ची बघा. वर्षभर करकरतेय. पण म्हटलं, घरात त्यातला तज्ज्ञ असताना दुसऱ्या कुणाला कशाला हात लावू द्यायचा?”