पिकला नाही अजून

"पायरी आहे हं, ताई. आता दुसरी. झालं."

धाकट्या भावाने थोरल्या बहिणीचा हात धरून तिला डोळ्यांच्या दवाखान्यात आणलं आणि खुर्चीत बसवलं. तो सत्तरीचा, ती त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. ती त्याला अजून बाळ म्हणायची आणि तो मुकाट्याने ओ द्यायचा.

आज इथे यायचं दोघांच्याही मनात नव्हतं. पण भावाची मुलगी परगावाहून फोनवर कडाडली होती, "बाबा, आत्याला दीड वर्ष धड दिसत नाही आणि तुम्ही नुसते तिची काठी होऊन फिरताय! उद्या दाखवलं नाहीत तर मी रजा टाकून येते." ती बोलायची तसं करायची. म्हणून मग दोघं निमूट आली.

"समोर काय लिहिलंय रे?" बहिणीने विचारलं.

फलकावर 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोळ्यांत काहीही घालू नये' असं लिहिलेलं होतं. भावाने गंभीर चेहऱ्याने वाचलं, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाच्याही डोळ्यांत खुपू नये."

बहिणीला एकदम खोकला आला. तिने तोंडाला रुमाल लावला. तो पाणी आणायला धावला.

डॉक्टरबाई जिभेने फटकळ होत्या आणि हाताने हलक्या. तपासण्याआधी प्रत्येकाला त्या डबीतली लेन्स दाखवायच्या. तिचे दोन वाकडे पाय कसे असले म्हणजे ती डोळ्यात हलणार नाही, यावर त्यांनी स्वतः सहा वर्षं डोकेफोड केली होती, आणि आता ती गावोगावचे डॉक्टर वापरत होते. बाई पोटच्या पोरीबद्दल बोलल्या नसत्या इतकं त्या लेन्सबद्दल बोलायच्या.

"मोतीबिंदू पिकलाय का हो?" भावाने विचारलं.

"पिकायला ते काय फळ आहे, काका?" बाई उसळल्या. "हा शब्द माझ्या दवाखान्यात काढायचा नाही! वाट बघायचे दिवस गेले. पूर्वी मोठा काप घ्यायचे, टाके घालायचे आणि जन्मभर जाडजूड भिंगांचा चष्मा. आता एवढीशी चीर. ही लेन्स घडी होऊन आत जाते आणि आत गेल्यावर आपली आपण उलगडते."

"मसुरीच्या डाळीएवढी असेल, नाही?" बहीण म्हणाली.

"अगदी तेवढीच," बाई खूश होऊन म्हणाल्या. भाऊ खिडकीबाहेर बघत होता.

मग त्याला बाहेर बसवून बाईंनी दिवा मालवला. म्हातारीची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि भिंगातून पाहिलं. आधी उजवा डोळा, मग डावा, मग पुन्हा उजवा. दोन्ही डोळ्यांत मधोमध एकेक स्वच्छ लेन्स होती. दोन वाकडे पायही होते.

"आजी, डोळ्यांच्या डॉक्टरच्याच डोळ्यांत धूळ फेकायला आलात? माझी लेन्स मी ओळखणार नाही? कधी झालं ऑपरेशन?"

म्हातारी ओशाळली. "चार वर्षं झाली. माझ्या गावी. एकटीच गेले, एकटीच आले. छान दिसतं हो. तुमच्या बाहीचं एक बटण तुटलंय, तेसुद्धा दिसतंय."

"मग हे सोंग कशाला?"

"त्याच्यासाठी." तिने दाराकडे पाहिलं. "याची बायको गेली तेव्हा आठ दिवसांसाठी म्हणून आले. हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. जेवण नाही, आंघोळ नाही. समजावलं, रागावलं, रडले. काही म्हणजे काही नाही. नवव्या दिवशी म्हटलं, बाळ, मला दिसेनासं झालंय रे, बाजारात कोण नेणार? उठला. दाढी केली. चप्पल घातली. अजून सावरलेला नाही तो. मला दिसतंय हे कळलं, तर पुन्हा त्या भिंतीकडे वळेल. सांगू नका त्याला. पाया पडते."

"पाया-बिया पडू नका," बाई म्हणाल्या आणि यंत्र पुसत बसल्या. ते मुळात स्वच्छच होतं. आपल्याला रडू येतंय, हे त्यांना आवडलं नाही.

दोघं समोर बसली तेव्हा बाईंनी घसा खाकरला. "काका, मोतीबिंदू अजून पिकला नाही. सहा महिन्यांनी आणा यांना."

फाइल लिहिणारी नर्स पेन हातात धरून बघतच राहिली.

भावाने सुटकेचा श्वास सोडला, बहिणीचा हात धरला आणि तिला सांभाळून बाहेर नेलं. मिनिटभरात तो एकटाच परत आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"काही राहिलं का, काका?"

"नाही. तुमचे आभार मानायचे होते," तो हळू आवाजात म्हणाला. "तिला दिसतं, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. पेपर वाचताना मी बातम्या मुद्दाम चुकवतो, तिला हसू आवरत नाही."

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अहो, मग बोलला का नाहीत? त्यांना वाटतंय तुम्ही अजून सावरला नाहीत!"

"तसंच वाटू द्या," तो म्हणाला. "मी कधीच सावरलोय, पण ते कळलं तर ती तिच्या गावच्या खोलीवर परत जाईल, आणि तिथे तिला कोणी नाही."